खांबावरचा टँकर

सिंहस्थ जवळ आला की आमच्या नाशिकला रंग चढायला लागतो. रस्ते खणले जातात, रस्त्याकडेची झाडं जातात, आणि जे काही उभं उरतं त्याच्यावर चित्रं काढली जातात. मी पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे अशा वेळी लोकांना माझी आठवण होते.

यंदा फाल्गुनात एका ठेकेदाराचा सुपरवायझर शाळेत आला. तिशीतला, टापटीप, कानात सतत फोनची गुंडी. उड्डाणपुलाखालचे खांब रंगवायचं काम त्यांना मिळालं होतं.

"मॅडम, वारली थीम आहे," तो म्हणाला. "पोरं आणून रंग फासणं सोपं आहे, पण तुमच्यासारख्या जाणकार व्यक्तीचं मार्गदर्शन पाहिजे."

जाणकार! मी लगेच हो म्हटलं, शाळेनेही कामापुरती सुट्टी दिली. खरं सांगायचं तर माझं वारलीतलं जाणकारपण एका छापील पुस्तकातून आलेलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, वर गोल डोकं, खाली काड्यांचे पाय. एवढ्या भांडवलावर मी किती पोरांच्या वह्या भरून घेतल्या असतील! पेठ तालुका माझ्या घरापासून दीड तासावर. वलसाडला एका लग्नाला जाताना तो गाडीच्या काचेतून पाहिला होता, तेवढाच.

कामावर एक पेंटरकाका होते. साठीच्या पुढचे, हात अजून थरथरत नव्हता. एके काळी त्यांच्या अक्षराशिवाय आमच्या भागातलं एकही दुकान उघडत नसे. किराणा, दवाखाना, निवडणूक, सगळ्यांचे बोर्ड त्यांच्या हातचे. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं दुकान बंद पडलं. आता ते प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापलेले साचे खांबावर धरायचे आणि स्पंजने पांढरा रंग थोपटायचे. एक नाचाचा साचा, एक झाडाचा, एक बैलगाडीचा, एक मोराचा. साचे ठेकेदाराने इंटरनेटवरून काढून आणले होते. मी फक्त कुठल्या खांबावर काय येईल ते ठरवायचं आणि रोज संध्याकाळी फोटो पाठवायचे. एवढंच ते मार्गदर्शन.

खांब खरडायला आणि गेरूचा हात मारायला मजूर नाक्यावरून बाया आणल्या होत्या. खांबांवर क्लासच्या जाहिराती आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा थरावर थर चिकटलेल्या. पत्र्याच्या पट्टीने ते खरडायचं, मग घासायचं, मग रोलर फिरवायचा. त्यातली एक चाळिशीची, काटक बांध्याची. पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरची. दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरते, शिमग्याला घरी जाते आणि परत येऊन नाक्यावर उभी राहते, असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अशा बाया आपण शहरात रोज पाहतो ना!

दुसऱ्या दिवशी पेंटरकाकांनी तारपा नाचाचा मोठा साचा थोपटून संपवला. मधे भोपळ्याचं लांब वाद्य वाजवणारा, भोवती हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं. मी मागे सरकून बघत होते. शेजारच्या खांबाशी ती बाई पट्टी हातात धरून थांबली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय बाई."

"सांगा ना."

"हे लोकं रुसून चाललेत का काय? तारप्याकडं पाठ करून नाचत्यात."

मी पाहिलं. वेटोळ्यातली माणसं खरोखरच वाजवणाऱ्याकडे पाठ करून बाहेर तोंड करून नाचत होती. कापणाऱ्याने साचा उलटा कापला असेल, किंवा त्याला काही फरकच पडत नसेल.

"मग कसं पाहिजे?"

"तारप्याकडं तोंड पायजे. तारपा वाजतो तिकडं कोनी पाठ करत नाय. आमचेकडं बारकं पोरगं बी करायचं नाय."

पेंटरकाकांनी डोक्याला हात लावला. मला तोंड कुठे लपवावं कळेना. माझ्या शाळेच्या भिंतीवरही तो नाच आहे. तिथली माणसं कुठे तोंड करून आहेत, ते मला आठवत नव्हतं.

"तुम्हाला येतं का काढायला?" मी तिला विचारलं.

तिला हा प्रश्न येडपट वाटला असणार. "येतं म्हंजे? भितीवर चौक काढल्याबिगर लगीन लागतं का आमचे घरात? सवाशिणीच काढत्यात. माझे हातचे किती चौक झाले, मला मोजून सांगता नाय यायचं."

जी बाई हे मुळातून जाणते तिच्या हातात आम्ही खरडायची पट्टी दिली होती, आणि जिने ते पुस्तकात पाहिलं तिला छत्रीखाली खुर्ची. त्या क्षणी मला राग आला, पण खरं सांगते, तो आधी सुपरवायझरचा आला. स्वतःचा यायला वेळ लागला.

मी त्याला गाठलं. म्हटलं, हिला काढू द्या.

"मॅडम, ती खरडायला आहे. साच्याने फटाफट होतंय ना? हाताने काढत बसली तर काम कधी संपणार?"

"एक खांब द्या. एक!"

तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता, वाद नको म्हणून हात हलवून म्हणाला, "शेवटचा घ्या. रिक्षा स्टँडसमोरचा. तिकडे कोण बघतंय?"

मी तिच्यासाठी चांगले ब्रश घेऊन गेले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि बाजूला ठेवले. बांबूची एक काडी शोधून आणली, टोक दातांनी चावून मऊ केलं, आणि डब्यातला पांढरा रंग पाणी घालून सारखा केला. "हा लय घट हाय. आमचा तांदळाचा असतो, तो काडीवरून उतरतो," म्हणाली. मग खांबाच्या वरच्या भागापासून सुरू केलं. शिडीवर चढून, एका हाताने खांब धरून. आधी रेखाटन नाही, मोजमाप नाही.

मला वाटलं होतं, आता खरा तारपा बघायला मिळेल. तिने आधी डोंगर काढले. डोंगरांवर तिरपे ठिपके, इतके दाट की वरचा गेरू जवळजवळ दिसेनासा झाला. तो पाऊस होता. पावसाखाली भाताची खाचरं, त्यात वाकलेल्या बाया. इथवर माझ्या पुस्तकाशी जुळत होतं. त्याच्याखाली तिने एक मोठं वर्तुळ काढलं, आतून रिकामं, तळाशी दोनच रेघा पाणी. वर्तुळाच्या काठावर बाया दाटीने उभ्या, आणि एक जण कमरेला दोर बांधून आत लोंबकळतेय, हातात वाटी. विहिरीपासून हंड्यांची रांग निघाली ती खांबाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. मी रांगेमागोमाग खांबाभोवती फिरले. रांगेच्या शेवटी चार चाकांवर एक लांबट डबा, मागे नळी. टँकर. आणि त्याच्याखाली धरण, धरणातून निघालेला एक जाड सरळ पट्टा, थेट उंच उंच इमारतींपर्यंत. पट्ट्याच्या कडेकडेने गाठोडी डोक्यावर घेतलेली माणसं खाली चालली होती. त्यांची पाठ डोंगराकडे.

"यात तारपा नाही?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न!

"भात निघल्यावर वाजतो तारपा. आता चैत लागंल. चैतात कोन वाजवतो?"

"पण तुमच्याकडे पाऊस तर इतका..."

"लय. चार महिनं अंगावरचं कापड वाळत नाय. सगळं पानी खाली येतं. मंग आमी बी त्याच्या मागं खाली येतो."

हे ती काडी रंगात बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाली. आदल्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत नळाला अर्धा तास उशिरा पाणी आलं म्हणून मी व्हॉट्सॲप गटावर तावातावाने लिहिलं होतं.

तिला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून रिक्षावाले गाड्या सोडून खांबाभोवती जमायला लागले. साच्याच्या खांबांपाशी कुणी थांबत नसे, इथे लोक वाकून बघत होते. एकाने टँकर ओळखला आणि इतरांना दाखवला. पिशव्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, विहिरीतल्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी हाय." ती सुरगाण्याकडची निघाली. दोघी त्यांच्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. मला त्यातलं थोडंच कळलं.

पेंटरकाका माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "असा हात मी आयुष्यात पाहिला नाही, मॅडम. पण हे राहणार नाही."

"का नाही राहणार?"

"बघाल."

संध्याकाळी मी फोटो पाठवला. दहा मिनिटांत सुपरवायझरचा फोन. सकाळी तो स्वतः खांबाशी हजर.

"मॅडम, हे काय काढून घेतलंत? परवा पाहणी आहे. मोठे पाहुणे येतायत."

"मग बघू देत की."

"निगेटिव्ह आहे हे. वारली म्हणजे कसं, निसर्ग, आनंद, नाच. बाहेरून भाविक येणार, त्यांना टँकर दाखवायचा? सिटीची काय इमेज होईल?"

"हे खोटं आहे का?"

"खरंखोटं नाही बोलत मी. थीममध्ये बसत नाही." मग त्याने आवाज गोड केला. "पूर्ण पुसायची गरज नाही. तुम्ही आर्टिस्ट आहात, ॲडजस्ट करा. टँकरला पुढे दोन बैल जोडा, बैलगाडी होईल. विहिरीभोवती फुलं काढा. दोर बांधलेली ती बाई... झोका घेतेय असं करता येईल."

झोका! वाटीभर पाण्यासाठी जिवावर उदार होऊन विहिरीत लोंबकळणाऱ्या बाईला झोक्यावर बसवायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. क्षणभर माझी नजर टँकरच्या पुढच्या मोकळ्या जागेवर गेली, आणि तिथे बैल बसतील का याचा माझ्या हाताने आपोआप अंदाज घेतला. बसत होते. इतकी वर्षं सांगितलेलं काढून देण्याची सवय अशी हाडात मुरते.

"मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "आणि हे गेलं तर मीही जाते."

"जशी तुमची मर्जी."

मी पर्स उचलली आणि निघून आले. घरी येईपर्यंत मला मी फार शूर वाटत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर राहवेना म्हणून पुलाखाली गेले. शेवटच्या खांबावर गेरू ओला होता आणि त्यावर साच्याचा मोर. पेंटरकाका पिसाऱ्याचे ठिपके नीट करत होते.

"काका, हात कसा धजला तुमचा?" मी रस्त्यातच ओरडले. "परवा म्हणत होतात असा हात पाहिला नाही!"

त्यांनी स्पंज डब्यात ठेवला. "तुम्ही नाही म्हणून शाळेत गेलात, मॅडम. मी नाही म्हणून कुठे जाऊ? माझे बोर्ड उतरवून फ्लेक्स लावले, तेव्हा कोण भांडलं माझ्यासाठी? तुमच्या शाळेचासुद्धा बोर्ड माझ्या हातचा होता."

तो होता. निळ्यावर पिवळी, वळणदार अक्षरं. तो उतरवला तेव्हा मी स्टाफरूममध्ये नव्या फ्लेक्सचा रंग निवडत होते. पेंटरकाका खाली बघत म्हणाले, "आणि गेरू मी नाही मारला."

"मग कुणी?"

त्यांनी मानेनेच पलीकडे दाखवलं. ती दुसऱ्या एका खांबाशी बसून रोलर धूत होती. गेरूचा हात मारणं हे तिचंच काम होतं, तेव्हा सुपरवायझरने रोलर तिच्याच हातात दिला होता. दोन दिवस शिडीवर उभं राहून काढलेलं तिने वरपासून खालपर्यंत स्वतःच बुजवलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "तुम्ही नाही का म्हटलं नाहीत?" असं काहीतरी मी पुटपुटले.

"मंग हजेरी कोन लावंल माझी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रोलर ती गरजेपेक्षा जास्त जोरात पिळत होती. "तुमाला राग आला ना बाई? मला बी आला. पन तुमी राग आला का घरी जाता."

पाहणीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पाहुणे आले, त्यांच्या मागेपुढे कॅमेरे. खरडणाऱ्या बायांना त्या दिवशी सुट्टी दिली होती, रस्ता मोकळा दिसावा म्हणून. पाहुणे मोरापाशी थांबले आणि म्हणाले, "वा! आदिवासी संस्कृती किती छान जपलीय."

मी पुढे झाले. "साहेब, या खांबावर एका आदिवासी बाईने टँकर काढला होता. काल तो पुसला."

"टँकर?" ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. सुपरवायझर मधे आला, "या आमच्या आर्ट टीचर, यांच्याच मार्गदर्शनाखाली..." आणि त्या बाईला पेठहून इथवर काय आणतं ते मी सांगत असताना घोळका पुढे सरकलाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मोर, पाहुणे, आणि कडेला तोंड उघडलेली मी. खाली लिहिलं होतं, कलाशिक्षिका माहिती देताना. मुख्याध्यापिकाबाईंनी तो नोटीस बोर्डावर लावला आणि माझं अभिनंदन केलं. मी तो काढून टाकला, तर त्यांना वाटलं फोटो चांगला आला नाही म्हणून.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी तिच्या पाड्यावर गेले. फोन नंबर पेंटरकाकांकडून मिळाला. त्यांनीच मला पेठच्या गाडीत बसवून दिलं, आमचं भांडण झालं होतं तरी. पेठपासून पुढे जीप, आणि मग उन्हात चालत. डोंगर भाजल्यासारखे पिवळे.

तिचं घर योजनेतलं, सिमेंटचं, बाहेरून गुलाबी डिस्टेंपर. त्या भिंतीवर काहीच काढलेलं नव्हतं. "तेच्यावर तांदूळ धरत नाय, पोपडं निघत्यात," ती म्हणाली. पण मागे गुरांसाठी कारवीच्या कुडाचा आडोसा होता, शेणामातीने सारवलेला. त्याच्या आतल्या अंगाला तिने काढलं होतं. आमचा पूल. वरून मोटारींची रांग, खाली खांब, खांबांवर नाच, मोर, झाडं, सगळं लहान लहान. एका खांबाशी शिडी, शिडीवर एक बाई, हातात काडी. शेजारी तशीच शिडी, तीच बाई, हातात रोलर. गुरं बाजूलाच रवंथ करत होती. एका गाईच्या घासण्याने पुलाचं एक टोक पुसट झालं होतं.

मी खूप वेळ पाहत राहिले. मग माझ्यातली ती मार्गदर्शन करणारी पुन्हा उठली. "आपण नाशिकला प्रदर्शन भरवू. कापडावर काढा तुम्ही. मी हॉल बघते, लोकांना बोलावते."

"पुलाखालचे लोकं येत्यात का त्या हालात?"

"तसे... तसे नाही येत."

"मंग कोनाला दाखवायचं?"

मी बोलायला लागले, की बघायला हवं, मोठमोठी माणसं येतील, कळेल त्यांना. बोलता बोलता मलाच माझा आवाज त्या सुपरवायझरसारखा वाटायला लागला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली आणि ती दोन हंडे उचलून निघाली. मीही एक घेतला. टँकर यायचा होता. विहिरीपाशी तीस-चाळीस बाया, पोरी, सावली नाही. तासभर उभ्या राहिलो, मग आणखी तासभर. ड्रायव्हरला फोन लावले, तो उचलत नव्हता. शेवटी निरोप आला, गाडी बिघडलीय, उद्या बघू. बायांनी चार शिव्या दिल्या. मीही दिल्या, मोठ्याने, शाळेत कधी दिल्या नसतील अशा. त्या माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

मग तिच्या जावेने दोर कमरेला बांधला आणि आम्ही बाकीच्यांनी दुसरं टोक धरलं. माझ्या तळहाताची सालं निघाली. वाटी-वाटीने भरलेला एक हंडा वर यायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही.

मी परतीच्या जीपमध्ये बसले तेव्हा ती खिडकीशी आली.

"त्या हालाचं सोडा," ती म्हणाली. "तुमचे शाळेत पोरं किती?"

"खूप आहेत."

"भिंत हाय?"

"आहे. मोठी आहे. रस्त्याला लागून."

"कोनी पुसंल का?"

मुख्याध्यापिकाबाई, संस्था, पालक, सगळे डोळ्यांसमोर आले. "पुसायला आले तर मी या वेळी घरी नाही जाणार," मी म्हटलं.

तिचा विश्वास बसला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "दिवाळी झाल्यावर येते द्राक्षाला," ती म्हणाली. "तवा बघू. रंग पातळ ठेवा."

शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात मी भिंतीसाठी अर्ज दिला. विषय काय, असा शेरा मारून तो परत आला. मी लिहिलं, पाणी. मग तोंडी विचारणा झाली, पाण्याबद्दल नेमकं काय? मी मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसून सगळं सांगितलं, खांब, गेरू, मोर, पेपरातला तो फोटो, आणि बोलताना माझा आवाज इतका चढला की शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, "तुम्ही आधी शांत व्हा."

मी शांत झालेले नाही. अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे, आणि मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन त्याची चौकशी करते.